नोकरी की नाटक? आधी तास मोजूया

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माझ्या मैत्रिणीचा फोन आला. बँकेच्या दोन्ही परीक्षांचे निकाल लागले होते आणि ती दोन्हींमध्ये पास झाली होती. एक पीओची, म्हणजे अधिकाऱ्याची, आणि एक क्लार्कची. घरी पेढे वाटून झाले होते. ही मात्र रडवेल्या आवाजात म्हणाली, "दोन्ही सोडून द्यावं असं वाटतंय. दुसरा अंक निम्मा झालाय. आता बँकेत गेले की नाटक गेलंच समज." आणि मग, "तू याच्यावरच पीएचडी करतेस ना? सांग, संशोधन काय म्हणतं?"

मी कलावंतांच्या श्रमांच्या अर्थशास्त्रावर काम करते. म्हणजे कलावंत पैसे कसे मिळवतात, त्यांचा वेळ कुठे जातो, दोन्हींचा मेळ कसा घालतात, असलं काहीतरी. नातेवाइकांना हे ऐकवलं की ते विचारतात, "याला नोकरी मिळते का?" असो. त्या दिवशी फोनवर मला धड काही सांगता आलं नाही. तिला जे सांगायला हवं होतं ते इथे नीट लिहितेय. तुम्हीही तिच्यासारख्या कात्रीत असाल तर तुमच्याही उपयोगी पडेल.

हा विषय निघाला की आपल्याकडे पहिलं नाव येतं ते डॉ. श्रीराम लागूंचं. कान-नाक-घशाचे सर्जन, हातात प्रॅक्टिस, आणि १९६९ मध्ये ती सोडून पूर्णवेळ नाटक. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९७० मध्ये 'नटसम्राट'. आपण ही गोष्ट अशी सांगतो, की जणू माणूस एका सकाळी उठला, कपाळावरचा आरसा काढून ठेवला आणि थेट रंगमंचावर गेला.

प्रत्यक्षात १९६९ मध्ये लागूंनी चाळिशी ओलांडली होती. त्याआधी, मधली परदेशातली वर्षं वगळली तर, ते डॉक्टरकी सांभाळूनच नाटकं करत होते. आधी कॉलेजात, मग पुण्यात भालबा केळकरांबरोबर पीडीएमध्ये. म्हणजे उडी मारली हे खरंच, पण पाण्याची खोली अनेक वर्षं पायाने चाचपून मग मारली. गोष्ट सांगताना ती वर्षं गळून पडतात, कारण त्यांत नाट्य नाही.

या चाचपण्यावर एक चांगला अभ्यास आहे. जोसेफ रॅफी आणि जी फेंग या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये तो प्रसिद्ध केला. अमेरिकेत हजारो लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारं एक सर्वेक्षण आहे. त्यातून त्यांनी स्वतःचा धंदा सुरू करणाऱ्यांचे दोन गट पाडले. काहींनी नोकरी सोडून थेट धंद्यात उडी घेतली. काहींनी आधी नोकरी चालू ठेवून धंदा केला आणि मग सोडली. दुसऱ्या गटातल्यांनी धंद्यातून बाहेर पडण्याची शक्यता पहिल्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाली. गंमत अशी, की नोकरी धरून सुरुवात करणारे लोक जास्त जोखीम टाळणारे आणि स्वतःच्या कुवतीबद्दल साशंक होते. म्हणजे घाबरट म्हणून ज्यांना आपण नावं ठेवतो, तेच जास्त टिकले. कारण समजण्यासारखं आहे. नोकरीच्या आडोशाने काम करताना दोन गोष्टी कळतात: हे चालतंय का, आणि हे रोज करायला मला आवडतंय का. ज्यांना नकारार्थी उत्तर मिळतं ते गुपचूप थांबतात, कर्ज न होता. ज्यांना होकार मिळतो ते माहितीनिशी बाहेर पडतात.

आता तुम्ही म्हणाल, धंदा वेगळा आणि नाटक वेगळं. बरोबर आहे. धंद्यात सहसा मधली एक पायरी असते: फार नाही पण बरं चाललंय. कलेत ती पायरी फार अरुंद असते. शेर्विन रोझेन या अर्थशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये याचं कारण मांडलं. चांगल्या न्हाव्याकडे जगातली सगळी माणसं केस कापायला जाऊ शकत नाहीत, म्हणून गावोगावच्या न्हाव्यांचं पोट भरतं. पण चांगल्या गायकाचं ध्वनिमुद्रण सगळ्यांना एकाच वेळी ऐकता येतं. मग पहिल्या आणि पाचव्या क्रमांकाच्या गायकात गुणांचा फरक थोडा असला, तरी कमाईत जमीन-अस्मानाचा पडतो. त्यातून नाव दिसतं ते पहिल्याचंच. सोडून गेलेल्यांतले जे परत आले, किंवा परतही येऊ शकले नाहीत, त्यांच्या आत्मचरित्राला प्रकाशक मिळत नाही. त्यामुळे "अमुकने सोडली आणि बघा कुठे पोचला" हे वाक्य पुरावा म्हणून अजिबात धरू नका. मी ते प्रबंधात लिहिलं तर गाईड पान परत पाठवतील.

इथवर सगळं आईवडिलांच्या बाजूने चाललंय असं वाटेल. थांबा जरा.

ज्या मांडणीमुळे मी या विषयाकडे वळले ती डेव्हिड थ्रॉस्बी यांची आहे. ते सिडनीच्या मॅक्वेरी विद्यापीठातले सांस्कृतिक अर्थशास्त्राचे प्राध्यापक. अर्थशास्त्राच्या नेहमीच्या पुस्तकात काम म्हणजे कष्ट आणि पगार म्हणजे त्या कष्टांची भरपाई. माणसाला हवी असते फुरसत. पैसे मिळतात म्हणून तो ती सोडतो. थ्रॉस्बींनी १९९४ मध्ये म्हटलं, की कलावंताला हे लागू पडत नाही. त्याला कलेचं काम स्वतःच हवं असतं, पैसे मिळोत न मिळोत. नोकरी तो करतो ती त्या कामासाठी वेळ विकत घ्यायला.

एक साधा हिशेब करू. आकडे काल्पनिक आहेत. समजा तुम्हाला महिन्याला २४,००० रुपये लागतात आणि बाहेरच्या कामाचे तासाला २०० मिळतात. म्हणजे १२० तास काम. उद्या तोच दर ३०० झाला. नेहमीचा माणूस म्हणेल, वा, आता आणखी तास काम करू आणि जास्त कमवू. थ्रॉस्बींचा कलावंत म्हणेल, आता ८० तासांतच भागतंय, उरलेले ४० तास माझे. ऑस्ट्रेलियातल्या कलावंतांच्या सर्वेक्षणांत त्यांना असंच वागणारे लोक दिसले. दर वाढला की ते बाहेरचं काम कमी करतात. व्हर्जिनिया हॉलिस्टर यांच्याबरोबर त्यांनी २००३ मध्ये तिथल्या व्यावसायिक कलावंतांवर जो अहवाल काढला, त्याचं नावच 'चालू नोकरी सोडू नका' अशा अर्थाचं आहे. नाव थट्टेचं आहे आणि नाहीही.

मला यातला उपयोगी भाग वाटतो तो असा: नोकरीचं माप पगार नाही. ती नोकरी करून तुमच्या कामाला किती तास उरतात आणि ते कुठले तास असतात, हे माप. पाच वाजता सुटणारी नोकरी आणि नऊला सुटणारी नोकरी यांचा पगार सारखा असला तरी नाटकवाल्याच्या लेखी त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. तालमी संध्याकाळी सात ते दहा होतात.

पण थ्रॉस्बींची मांडणी आपल्याकडे जशीच्या तशी चालत नाही, आणि माझं काम नेमकं इथेच अडकलंय. त्यांचा कलावंत तास कमी-जास्त करू शकतो. आपल्याकडे पक्की नोकरी सुट्या तासांनी मिळत नाही, गठ्ठ्याने मिळते. "मला निम्मा पगार द्या, मी निम्मा वेळ येते" असं बँकेत किंवा जिल्हा परिषदेत म्हणून बघा. घ्यायची तर अख्खी, नाहीतर अजिबात नाही. म्हणून आपला प्रश्न "किती तास नोकरी करू" असा नसतो. "कुठला गठ्ठा उचलू" असा असतो.

आता मैत्रिणीच्या हातातले दोन गठ्ठे बघा. पीओचा पगार जास्त, मान जास्त, पण बदली देशात कुठेही, आणि शाखेची जबाबदारी अंगावर. क्लार्कचा पगार कमी, पण नेमणूक आपल्या राज्यात, बदल्या त्या मानाने कमी, आणि काउंटर बंद करून हिशेब जुळला की बऱ्याच दिवशी तरी घरी जाता येतं. घरच्यांच्या दृष्टीने यात निवडण्यासारखं काही नव्हतंच. पीओ लागली असताना क्लार्क व्हायचं? पण तास कमी करायची मुभाच नसेल, तर तासाचा दर जास्त असून काय करायचं? बँकांमध्ये वर्षानुवर्षं प्रमोशन नाकारणारी माणसं असतात. लोक त्यांना महत्त्वाकांक्षा नसलेली समजतात. त्यातल्या काहींचा हिशेब अगदी पक्का असतो: गाव सुटलं की ग्रुप सुटतो.

कला कुठली यावरही गठ्ठा ठरतो. कविता बदलीच्या गावी बरोबर नेता येते. नाटक नाही नेता येत. त्याला दहा माणसं एकाच गावात, एकाच वेळी मोकळी लागतात. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजकडे बघा. लागू तिथले, जब्बार पटेल तिथले, मोहन आगाशे तिथले, आणि सतीश आळेकर तिथेच बायोकेमिस्ट्रीत संशोधन अधिकारी. आळेकरांनी 'महानिर्वाण' (१९७४) आणि 'बेगम बर्वे' (१९७९) ही नाटकं त्या नोकरीत असताना लिहिली, आणि १९९६ पर्यंत ते तिथे होते. पटेल बालरोगतज्ज्ञ, आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. 'घाशीराम कोतवाल' १९७२ मध्ये उभं राहिलं ते तालमी सोडून इतर वेळी दुसरं काहीतरी करणाऱ्या माणसांच्या जोरावर, आणि १९८० मध्ये युरोपचा दौरा करून आलं. एकाच शहरात वर्षानुवर्षं राहता येणं, ही त्या सगळ्यात न मोजली जाणारी गोष्ट. (हीसुद्धा टिकलेल्यांचीच उदाहरणं आहेत, हे मला कळतंय. म्हणून मी एवढंच म्हणते, की नोकरीत राहून मोठं नाटक होतच नाही, हे विधान खोटं आहे. एका उदाहरणाने एवढं सिद्ध होतं.)

मराठीत 'हौशी' हा शब्द आहे, तो आपण जरा नाक मुरडून वापरतो. व्यावसायिक ते खरं, हौशी म्हणजे गणपतीतलं. राज्य नाट्यस्पर्धेला आणि कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धांना वीज मंडळ, एसटी, रेल्वे, बँका, कारखाने इथली माणसं रजा टाकून येतात. त्या सगळ्यांना एका शब्दात निकाली काढणं मला पटत नाही. पगार कुठून येतो यावरून कामाची प्रत ठरत नाही.

उलट, पगार कलेतूनच यायला लागला की काय होतं, यावर टेरेसा अमाबिले यांचा एक जुना अभ्यास आहे. २३ व्यावसायिक कलावंतांकडून त्यांनी प्रत्येकी दहा ऑर्डरवर केलेल्या आणि दहा स्वतःच्या मनाने केलेल्या कलाकृती घेतल्या आणि जाणकारांना दाखवल्या. कुठली कोणती हे त्यांना सांगितलं नव्हतं. तंत्रात फरक दिसला नाही. पण सर्जनशीलतेत ऑर्डरच्या कामांना कमी गुण पडले. दिवसभर मालिकेचे संवाद पाडून रात्री स्वतःचं नाटक लिहायला बसलेल्या कुणालाही विचारा. "कलेशी संबंधित नोकरी मिळाली तर दोन्ही साधेल" हा सल्ला म्हणूनच मला धोक्याचा वाटतो. काहींना साधतं. अरुण कोलटकर जाहिरातक्षेत्रात नावाजलेले ग्राफिक डिझायनर होते आणि कविता त्यांनी वेगळी ठेवली. पण त्यांचं पोटाचं काम मुख्यतः चित्रांचं होतं आणि रात्रीचं शब्दांचं, हेही बघा. दिवसा जो स्नायू दमतो तोच रात्री लागणार असेल, तर त्यापेक्षा नोटा मोजलेल्या बऱ्या.

आणखी एक गोष्ट, थोडक्यात. जे युन किम आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवलं, की एखाद्याला कामाची ओढ आहे असं कळलं, की त्याला बिनपैशाचं काम सांगणं, सुट्टीच्या दिवशी बोलावणं लोकांना जास्त रास्त वाटतं. "त्याला आवडतंच की!" मराठी नाटकवाल्यांना हे नव्याने सांगायची गरज नाही. "यावेळी नाईट नाही देता येणार, पण अनुभव मिळेल" हे वाक्य सगळ्यांनी ऐकलंय. पहिल्या तारखेला कुठूनतरी पगार येत असेल तर नाही म्हणता येतं, हा नोकरीचा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

इथपर्यंतचं मी मैत्रिणीला जूनमध्ये भेटून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुझ्या उदाहरणांत एक तरी बाई आहे का?"

नव्हती. आणि हा काही माझा नुसता विसरभोळेपणा नव्हता. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात असं निघालं. पुरुषांची ९७. म्हणजे दोनशे दोन मिनिटांचा फरक, जवळजवळ एक तालीम. "नोकरी करा, उरलेल्या वेळात लिहा" हा सल्ला उरलेला वेळ असणाऱ्या माणसाने दिलेला आहे. नोकरी आणि कला असे दोनच गठ्ठे धरून मी जो हिशेब मांडत होते, त्यात तिसरा गठ्ठा मी धरलाच नव्हता, आणि तो तर कुणी विचारूनही देत नाही. तिच्या बाबतीत उत्तर बदलतं का? थोडं बदलतं. स्वतःचा पगार, स्वतःच्या नावाची खोली, घरापासून दीडशे किलोमीटर लांब नेमणूक, यांचा अर्थ तिच्यासाठी वेगळा होतो. तिच्या भावाच्या बाबतीत जी गैरसोय ठरली असती ती तिच्या बाबतीत कदाचित मोकळीक. हे कुठल्याही मॉडेलमध्ये मी बसवलेलं नाही अजून.

आता माझ्या सगळ्या बोलण्याच्या विरुद्ध जाणारा एक अभ्यास, तो लपवणं बरं नाही. स्टीव्हन लेव्हिट यांनी एक वेबसाइट काढली. ज्यांना मोठा निर्णय घेता येत नव्हता त्यांनी तिथे येऊन नाणं उडवायचं: छाप आली तर बदल करा, काटा आला तर आहे ते चालू ठेवा. नोकरी सोडू का, हा त्यातला एक प्रश्न. वीस हजारांहून जास्त वेळा नाणं उडालं. सगळ्यांनी नाण्याचं ऐकलं नाही, पण बऱ्याच जणांवर त्याचा परिणाम झाला. सहा महिन्यांनी पाहिलं तर मोठ्या निर्णयांत बदल करणारे जास्त सुखी निघाले. नाणं कुणाला ओळखत नाही, त्यामुळे 'मुळातच धाडसी लोक सुखी असतात' अशी शंका इथे बरीचशी गळून पडते. अर्थ असा, की निर्णयाच्या काठावर अडकलेला माणूस गरजेपेक्षा जास्त काळ तिथेच थांबतो.

मर्यादा आहेत. अशा वेबसाइटवर जाणारे लोक विशिष्ट प्रकारचे, सहा महिने म्हणजे फार काळ नाही, आणि त्या सुखात पोराबाळांचं किंवा आईबापांचं सुख मोजलेलं नाही. शिवाय मैत्रिणीच्या बाबतीत मला एक वेगळीच अडचण दिसते. ती तीन वर्षं शिकवण्या घेऊन नाटक करतेय. तिच्यासाठी 'आहे ते' म्हणजे नाटक, आणि 'बदल' म्हणजे नोकरी. छाप कशाला म्हणायचं?

तिने नाणं उडवलं नाही. जुलैत ती क्लार्क म्हणून रुजू झाली, पीओचं पत्र कपाटात ठेवून. घरी दोन आठवडे अबोला होता. तालुक्याचं गाव आहे. पुण्याला जायला साडेतीन तास, म्हणजे ग्रुप सुटलाच. ती हे आडपडदा न ठेवता सांगते. क्लार्क निवडूनही गाव सुटलं. माझ्या हिशेबातली ही चूक, मी नेमणूक आणि गाव एकच धरून चालले होते. निदान बदली मागता येईल, एवढाच आता त्यात अर्थ उरलाय.

मी तिला एक वही ठेवायला सांगितली होती. कधी बसली, किती वेळ, लिहून झालं की नुसतीच बसली. परवा तिने पानांचे फोटो पाठवले. पहिल्या तीन आठवड्यांत शून्य. पुढच्या पाच आठवड्यांत एकूण एकवीस तास, त्यातले तेरा रविवारचे, आणि बाकीचे जवळजवळ सगळे पहाटे साडेपाच ते सात या वेळेतले. संध्याकाळचा एकही नाही. संध्याकाळी सहा ते नऊ मोकळी असते म्हणून ती नोकरी घ्यावी, असं मीच तिला म्हटलं होतं.

दुसऱ्या अंकाची अकरा पानं झालीत. आता सप्टेंबरअखेर येतेय, बँकेत सहामाही हिशेबाची धांदल असेल. त्या दोन आठवड्यांची वही ती पाठवणार आहे.